युरोतला पगार, साताऱ्यातली खुर्ची: पोवई नाक्याजवळच्या कोवर्किंगचा रिव्ह्यू

साताऱ्यात बसून बाहेरच्या देशातल्या कंपनीचं काम करत असाल आणि घरात काम होत नसेल, तर पोवई नाक्यावरून स्टँडकडे चालत जाताना आतल्या गल्लीत एक दोन मजली इमारत आहे तिथली वरच्या मजल्यावरची खुर्ची घ्या, पाचपैकी चार स्टार. बोर्डावर फक्त "अभ्यासिका" एवढंच लिहिलंय त्यामुळे कोवर्किंग, म्हणजे महिन्याच्या भाड्याने बसून काम करायची जागा, म्हणून शोधायला गेलात तर सापडणार नाही, नाक्यावर कुणालाही वर ऑफिसवाले बसतात ती अभ्यासिका कुठली म्हणून विचारा, लगेच सांगतात.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे रिव्ह्यू कुणाच्या कामाचा ते कळेल. मी मूळची शाहूपुरीची, काही वर्षं नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला होते, आता आईबाबांजवळ परत आलीये आणि काम त्याच कंपनीचं करते. पैसे युरोत येतात, खर्च रुपयात होतो. माझ्यासारखे बरेच जण आहेत आता साताऱ्यात, कुणी अमेरिकेचं काम करतं, कुणी सिंगापूरचं, आणि सगळ्यांची अडचण एकच की घरात मीटिंग चालू असताना कुकरच्या शिट्ट्या होतात, पाहुणे येतात, लाइट जाते.

लाइटपासूनच सुरुवात करते. महावितरणचं देखभालीचं शटडाऊन असलं की आमच्याकडे अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा, आणि पावसाळ्यात तर सांगूनही जात नाही. इथे वरच्या मजल्यासाठी वेगळी लिथियम बॅटरी बसवलीय, पंखे, लाइट, राउटर आणि सगळे लॅपटॉप धरून चार तास आरामात निघतात. इंटरनेटच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइन आहेत आणि एक गेली की दुसरीवर आपोआप जातं, मीटिंगमध्ये माझा आवाज दोनचार सेकंद अडकतो तेवढाच. जूनमध्ये रस्ता खोदताना एक केबल तुटली होती, दुरुस्तीला बरेच दिवस गेले पण वर बसणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांना ते कळलंसुद्धा नाही. जागा बघायला जाल तेव्हा डाउनलोड स्पीड विचारत बसू नका, अपलोड स्पीड विचारा, कारण व्हिडिओ कॉलला आपला चेहरा आणि स्क्रीन वर जायची असते. इथे अपलोडही डाउनलोडइतकाच मिळतो. आणि खालच्या मुलांचं वायफाय वेगळं, वरचं वेगळं, ही गोष्ट महत्त्वाची आहे कारण बऱ्याच कंपन्या आता कामाच्या जागेचं नेटवर्क कसं आहे ते लेखी विचारतात.

आता वेळेचं. नेदरलँड्स आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, म्हणजे तिथले सकाळचे नऊ वाजले की इथे कधी दीड वाजलेला असतो तर कधी साडेबारा. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं बदलतात, अमेरिकेत मात्र मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, त्यामुळे मधल्या दिवसांत ज्यांना दोन्हीकडच्या मीटिंग असतात त्यांची फार धावपळ होते. काकांनी, म्हणजे ज्यांची जागा आहे त्यांनी, जिन्याजवळ एक पांढरा बोर्ड लावलाय आणि त्यावर युरोप, लंडन, न्यूयॉर्क असं लिहून आजचा फरक लिहितात, स्वतः कधी परदेशात गेलेले नाहीत पण तारखा त्यांच्या पाठ झाल्यात. ही काळजी मला फार आवडली, कारण कुणीही त्यांना सांगितलेलं नव्हतं.

माझं काम रात्री नऊ नाहीतर दहापर्यंत चालतं आणि एकट्या बाईसाठी रात्री दहाला गल्लीतून बाहेर पडायचं म्हणजे पहिला प्रश्न तोच असतो. इथे अभ्यासिका चोवीस तास उघडी असल्यामुळे त्या वेळीही खाली मुलंमुली असतात, गल्लीत दिवा आहे, दारावर कॅमेरा आहे, आणि रात्रीच्या पाळीला जे दादा असतात ते गाडी काढेपर्यंत बाहेर उभे राहतात. पुण्यात चकाचक काचेच्या जागा बघितल्यात मी, तिथे रात्री साडेनऊनंतर लिफ्टसुद्धा बंद व्हायची. मुलींनो, फक्त या एका कारणासाठी मी या जागेला पूर्ण मार्क देते.

खाली अभ्यासिका आणि वर ऑफिस हे एकत्र कसं चालतं असा प्रश्न पडेल. चालतं, कारण नियम कडक आहेत. हॉलमध्ये कुणीही फोनवर बोलायचं नाही, वरही नाही आणि खालीही नाही, बोलायचं असेल तर केबिनमध्ये जायचं. जिन्यात बोललात तरी कुणीतरी येऊन शांतपणे सांगून जातं. खालच्या मुलांना त्याचं फार मोल आहे, माण, खटाव, पाटण, जावळीकडून आलेली मुलं आहेत ती, कॉट बेसिसवर राहतात आणि दिवसाचे बारा बारा तास इथे बसतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हापासून वाचन कमी आणि लिहिणं जास्त, शेजारी पुस्तक उघडं ठेवून मोठ्या कागदावर उत्तरं लिहायची म्हणजे पूर्वीचं दीड फुटाचं टेबल पुरत नाही, म्हणून काकांनी खालची काही टेबलं काढून रुंद टेबलं केली. खुर्च्या कमी झाल्या तरी फी वाढवली नाही.

फीचंच मला सविस्तर लिहायचंय. वर महिन्याला साडेतीन हजार, त्यात खुर्ची, टेबल, कुलपाचं कपाट, वायफाय, पाणी आलं. केबिनचे तासाला साठ रुपये वेगळे. खाली मुलांना महिन्याला आठशे. हे दर भिंतीवर लिहिलेले आहेत आणि सगळ्यांना तेच, तुम्ही डॉलरमध्ये कमावता का रुपयात हे कुणी विचारत नाही. साताऱ्यात ही गोष्ट साधी राहिलेली नाही. गोडोली, शाहूपुरी, सदर बझार, कुठेही भाड्याने फ्लॅट बघायला जा, एजंटचा दुसरा प्रश्न असतो "काय करता तुम्ही?" आणि तुम्ही बाहेरच्या कंपनीचं काम सांगितलं की आकडा तिथल्या तिथे बदलतो. मी माझ्या मावसबहिणीसाठी घर बघत होते, ती शाळेत शिक्षिका आहे, तिला सांगितलेला आकडा आणि त्याच घराचा मला सांगितलेला आकडा यात चार हजारांचा फरक होता. आणि वाईट म्हणजे आपले लोक तो आकडा देतात. कारण आइंडहोवनला एका बेडरूमच्या घराला हजार-बाराशे युरो मोजलेल्या माणसाला इथले पंधरा हजार रुपये काहीच वाटत नाहीत, घासाघीस करायची लाज वाटते, तो हो म्हणून मोकळा होतो. पण पुढच्या महिन्यात शेजारच्या फ्लॅटचा मालकही तेच मागतो आणि तिथे राहणारा माणूस एमआयडीसीत पंचवीस हजारांवर असतो.

यामागचं गणित एकदा समजून घेण्यासारखं आहे. बाजारातला डॉलरचा दर वेगळा आणि त्या पैशात प्रत्यक्ष काय येतं ते वेगळं. २०१७ सालासाठी जागतिक पातळीवर किमतींची जी तुलना झाली तिच्यात भारताचा आकडा एका डॉलरला २०.६५ रुपये असा निघाला, म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते इथे सरासरी २०.६५ रुपयांत मिळत होतं, आणि बाजारात त्या वर्षी डॉलर होता ६५.१२ रुपये. जवळजवळ तिप्पट. हा सगळ्या देशाचा सरासरी आकडा आहे, आणि पुण्यातलं घरभाडं आणि साताऱ्यातलं घरभाडं यात परत केवढा फरक आहे हे आपल्याला माहितीच आहे. म्हणजे बाहेरचा पगार घेऊन इथे राहणाऱ्याच्या हातात जी ताकद येते ती त्याच्या कामाच्या हुशारीने आलेली नाही, दोन देशांच्या किमतींमधल्या फरकाने आलेली आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर पुण्याच्या कंपनीचं काम करणारा मुलगा बसतो, काम माझ्यासारखंच करतो, कदाचित माझ्यापेक्षा चांगलं करतो, पगार माझ्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी.

मध्यंतरी एका गृहस्थांनी काकांना सांगितलं की अख्खा वरचा मजला आम्हाला द्या, आमची अमेरिकेच्या कामाची टीम आहे, आत्ता जेवढं येतं त्याच्या दुप्पट देतो, आणि खालचाही मजला पुढच्या वर्षी घेऊ. काकांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं, लपवून ठेवलं नाही. म्हणाले, वरचं एकवेळ बघू पण खालचा मजला मुलांचा आहे, तो मी देणार नाही, आणि वरचाही एकालाच दिला तर उद्या तो निघून गेला की मी काय करू. त्यांनी नाही म्हणून कळवलं. मला त्या दिवशी खरंच फार बरं वाटलं. रयतचं मुख्यालय असलेलं हे गाव आहे, कर्मवीर अण्णांनी कमवा आणि शिका इथे रुजवलं, हे आपण भाषणात ऐकतो, पण आठशे रुपये फी टिकवण्यासाठी दुप्पट भाडं नाकारणारा माणूस मी समोर बघितला. म्हणून विनंती आहे, इथे येणार असाल तर लिहिलेला दर द्या, जास्त देऊन जागा अडवू नका. द्यायचेच असतील तर खालच्या एखाद्या मुलाची किंवा मुलीची महिन्याची फी भरायची सोय आहे, पैसे काकांकडे द्यायचे, कुणाची भरली ते तुम्हाला सांगत नाहीत आणि कुणी भरली ते त्यांनाही नाही. वरचे बरेच जण भरतात.

नवीन लोकांना आणखी एक उपयोग म्हणजे महिन्यातून एका शनिवारी काकांच्या ओळखीचे एक सीए वर येऊन बसतात, बाहेरच्या पगाराचे प्रश्न विचारता येतात, पहिल्या भेटीचे पैसे घेत नाहीत. बाहेरून पगार घेऊन इथे राहायचं म्हणजे नुसता लॅपटॉप उचलून आलं असं नसतं. माझ्या कंपनीने मला कर्मचारी म्हणून इथे ठेवायला नकार दिला, कारण त्यांचा माणूस कायमचा भारतात बसून काम करायला लागला तर कंपनीचंच इथे बस्तान आहे असं धरून तिच्यावर भारतात कर लागू शकतो, ही भीती सगळ्याच कंपन्यांना असते. मग कॉन्ट्रॅक्टर व्हायचं. म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी सुट्टी नाही, मेडिक्लेम आपला आपण घ्यायचा, आणि पगाराऐवजी महिन्याला इन्व्हॉइस पाठवायचं. पैसे आले की बँकेत ते कशाचे आले त्याचा कोड द्यावा लागतो आणि परकीय चलन आल्याची पावती मागून घ्यावी लागते, ती दरवेळी मागा, फाइल करून ठेवा. जमा वर्षाला वीस लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी आली, सेवेची निर्यात म्हणून कर शून्य असला तरी नोंदणी लागते आणि दर आर्थिक वर्षाला एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरायचं असतं. वर्षात १८२ दिवस किंवा जास्त इथे राहिलात की तुम्ही इथले रहिवासी, मग साधारणपणे जगात कुठेही कमावलेलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं.

कराचं मात्र ऐकून मी चकित झाले. नेदरलँड्समध्ये वरच्या टप्प्याला ४९.५ टक्के कर आहे, आरोग्य विमा सक्तीचा आणि त्यातही वर्षाचे पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून. इथे आयटीसारख्या व्यवसायाला अंदाजित उत्पन्नाची सवलत आहे, पैसे बँकेतून येत असतील तर ७५ लाखांपर्यंतच्या जमेवर निम्मं उत्पन्न धरता येतं, आणि २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणजे चोवीस लाख जमा होणाऱ्याचा कर शून्यावरही येऊ शकतो. तुमच्या कामाला हे लागू आहे का ते सीएला नीट विचारा, प्रत्येकाची केस वेगळी असते. पण मला सांगा, एवढी मोकळीक मिळाल्यावर ज्या गावात राहतो तिथल्या किमती आपल्यामुळे वाढणार नाहीत एवढं तरी आपण बघायला नको का?

कुणी म्हणेल साताऱ्यातच का, त्याच पगारावर थायलंडला जा. माझा एक डच सहकारी चियांग मायला जाऊन राहिलाय. थायलंडने जुलै २०२४ मध्ये अशा लोकांसाठी नवीन व्हिसा काढला, पाच वर्षांचा आहे, एका वेळी १८० दिवस राहता येतं, बँकेत पाच लाख बाथ दाखवावे लागतात. स्वस्त पडतं, हवा छान असते म्हणतो, पण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर एवढा असतो की तो तेवढे दिवस दक्षिणेकडे बेटावर जातो. आणि थायलंड आपल्याही दीड तास पुढे, त्यामुळे त्याचं काम रात्री साडेदहा-साडेअकराला संपतं. त्याचं म्हणणं, कोवर्किंगमध्ये आजूबाजूला सगळे बाहेरचेच, भाषा येत नाही, दुकानदारापलीकडे गावातला माणूस ओळखीचा होत नाही. मी दुपारी डबा खाते तेव्हा समोर तलाठी भरतीची तयारी करणारी दहिवडीकडची मुलगी असते, ती मला चालू घडामोडी सांगते आणि मी तिचं इंग्रजी बघून देते.

डब्याचं सांगायचं राहिलं. बाजूच्या घरातल्या काकू डबा देतात, ऐंशी रुपये, तीन चपात्या, एक पालेभाजी नाहीतर उसळ, आमटी, भात, बुधवारी भाकरी आणि पिठलं. तेल कमी, तिखट बेताचं, आमटी एक नंबर. सकाळी दहापर्यंत सांगावं लागतं. चहा कोपऱ्यावरून येतो, ठीक आहे.

आता एक स्टार का कापला ते. केबिन दोनच आहेत. दुपारी काही अडचण नाही पण संध्याकाळी साडेसहानंतर अमेरिकेचा दिवस सुरू होतो, युरोपवाल्यांच्या शेवटच्या मीटिंग असतात, आणि दोन केबिनवर आठ जणांचा डोळा. बुकिंग वहीत लिहून करायचं, ग्रुपवर टाकलेलं धरत नाहीत, त्यामुळे दुपारी एकच्या आत येऊन संध्याकाळची वेळ लिहून ठेवा. एसी फक्त केबिनमध्ये, हॉलमध्ये पंखे आणि दोन कूलर, एप्रिल-मेमध्ये दुपारी खरंच त्रास होतो. पावसाळ्यात उत्तरेकडच्या भिंतीला ओल येते, तिकडची खुर्ची घेऊ नका, कपाटात ठेवलेल्या कागदांनाही वास लागतो. खुर्च्या बऱ्या आहेत, पण आठ तास बसायला पाठीला उशी घरून आणा. चारचाकी लावायला जागा अजिबात नाही, नाक्यावर गाडी लावायच्या भानगडीत पडू नका, दुचाकीवर या. जीएसटी नोंदणीसाठी या जागेचा पत्ता द्यायला काका तयार नाहीत, संमतीपत्र मागू नका, घरचा पत्ता द्या, तसं चालतं.

महिन्याआधी सांगून खुर्ची सोडता येते, डिपॉझिट एक महिन्याचं, आणि सोडून गेलेल्या एकाला ते त्याच दिवशी परत मिळालेलं मी बघितलंय. सध्या वर दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, एक खिडकीजवळची आहे जिथून अजिंक्यतारा दिसतो, दुसरी त्या ओल्या भिंतीकडची. तिसरी केबिन गणपतीनंतर बांधणार असं काका म्हणतायत, झाली की इथेच येऊन पाचवा स्टार देईन.